तीन नंबर काय विसरला

१

तीन नंबरच्या पोटात पाणी होतं.

संघमित्राने यंत्र कानाशी धरून हलवलं, तसा काचेखाली एक बुडबुडा इकडून तिकडे पळाला. दिसायला जाडजूड मनगटी घड्याळच. डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात त्याला. पाण्याखाली गेलेल्या माणसाला तो सांगतो, की तू किती खोल आहेस, किती वेळ झाला, आणि आता वर यायचं तर किती सावकाश ये. कारण खोल पाण्यात रक्तात वायू विरघळतो. घाईने वर आलं, की तो सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसतो. मग सांधे धरतात, आणि कधी जीवावरही बेततं.

"ताई, तुमच्याच हातचा आहे हा," योगराजभाऊ म्हणाले. भाऊ पाणबुडी पथकाचे प्रमुख. घरची केळीची बाग सांभाळून त्यांनी विहिरीत, धरणात बुडालेल्यांना वर काढणारी पोरं तयार केली होती. "मागच्या आठवड्यात तुम्ही दुरुस्त करून दिला. काल खाणीत सरावाला प्रशीलच्या हातावर होता. पाण्याखाली यंत्र आंधळं झालं. पोरगं घाबरून भसकन वर आलं, आणि आता धुळ्याला दवाखान्यात आहे."

पिंप्राळ्यातल्या त्या खोलीत एका बाजूला तिचं दुरुस्तीचं टेबल, दुसऱ्या बाजूला ठमीचा पाळणा. ठमी आठ महिन्यांची. ती झोपली की संघमित्राने भिंग डोळ्याला लावायचं, ती उठली की खाली ठेवायचं, असा सगळा कारभार.

भाऊंच्या मागे कौतिक उभा होता. प्रशीलचा जोडीदार. दोघं कायम एकत्र पाण्यात उतरत. रात्रभर झोपला नसावा. सारखे दंड खाजवत होता.

"काय रे, अंगावर काय उठलंय?"

"कापूस, ताई. भाव येईपर्यंत विकायचा नाही म्हणून बाबांनी घरातच भरलाय, पार माळ्यापर्यंत. रात्रभर चावतो नुसता."

खानदेशात जानेवारीत निम्म्या घरांत हेच. कुणी हसलंसुद्धा नाही. ठमी जागी झाली, तशी संघमित्राने तिला उचलून कौतिककडे दिली.

"धर जरा."

"डावीकडे द्या," तो घाईने म्हणाला.

तिने नाण्याने बॅटरीचं झाकण फिरवलं. आतलं पाणी टेबलावर सांडलं. बॅटरी तिचीच होती. स्वतः बसवलेल्या प्रत्येक बॅटरीवर ती निळ्या पेनाने बारीकशी टिकली काढायची, ती टिकली जागच्या जागी होती. म्हणजे बॅटरी दुसऱ्या कुणी बदललेली नाही. मग तिने झाकणाची काळी रबरी रिंग भिंगाखाली धरली.

रिंगवर आडवा एक पांढरा धागा होता. पापणीच्या केसाएवढा. पण पाण्याला आत शिरायला तेवढी वाट पुरते.

तिची नजर हळूच पाळण्याकडे गेली. ठमीची गोधडी एका कोपऱ्यात उसवली होती आणि तिथून कापूस बाहेर डोकावत होता.

२

"माझं काय चुकलं ते प्रशीलला विचारल्याशिवाय मला कळणार नाही," ती म्हणाली. "मला धुळ्याला न्या, भाऊ."

"लेकराला घेऊन?"

"लेकराला टाकून कशी येऊ?"

द्रौपदाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पिशवीत लंगोट, दुपटं, पाण्याची बाटली कोंबली आणि ठमीच्या गालावर काजळाची मोठ्ठी तीट लावली. "आई, आपण नजर-बिजर मानतो का?" असं संघमित्रा रोज विचारायची. "मी मानत नाही, पण बघणारे मानतात ना," असं उत्तर रोज यायचं. आज मात्र म्हाताऱ्या बोटांनी ठमीबरोबर सुनेचीही हनुवटी धरली.

"तुझ्या हातून झालं असेल तर कबूल करून ये. नसेल झालं तर मान खाली घालून येऊ नको."

कौतिक मोटारसायकलने आधीच घराकडे निघून गेला होता. जीपमध्ये भाऊ चालवायला आणि मागे डिंपल. डिंपल पथकाचं सगळं सामान सांभाळायची, कपाटाची किल्ली तिच्याकडे. तिच्या पायाशी पथकाची ऑक्सिजनची टाकी गडगडत होती.

एरंडोल मागे पडलं. संघमित्राच्या डोक्यात चक्र फिरत होतं. दुरुस्ती झाल्यावर तीन नंबरला तिने स्वतः दाबाखाली ठेवलं होतं. पाण्याच्या फिल्टरचं पारदर्शक भांडं, त्यात पाणी, त्याला सायकलचा पंप. खाणीत असेल त्याहून जास्त दाब दिला, तरी एक बुडबुडा सुटला नव्हता. तेव्हा धागा असता तर तेव्हाच कळलं असतं. नंतर ठमी रडली, ती उठली, परत आली... नंतर झाकण उघडलं का आपण? झोपेच्या गुंगीत? तिला आठवेना. आणि न आठवणं हेच सगळ्यात वाईट होतं.

"माझ्याकडून गेल्यावर हा कुठे होता?" तिने विचारलं.

"आधी माझ्या कपाटात," डिंपल म्हणाली. "मग भाऊंनी नेला."

"दोन दिवस याच जीपमध्ये होता," भाऊ म्हणाले. "मी तर कधीचा सांगतोय, ही जुनी डबडी फेका, नवी आणू. माझं कोण ऐकतंय!"

"त्यासाठी तुम्ही काही केलं तर नाही ना, भाऊ?" डिंपलने फटकन विचारलं.

"मी? अगं, पोरगं मरता मरता वाचलं माझं!"

"मग कपाट माझं म्हणून काल सगळ्यांसमोर मला का ओरडलात?"

"बरं, नंतर?" संघमित्राने दोघांच्या मध्ये हात घातला.

"नंतर सरावाच्या आदल्या दिवशी दोन आणि तीन नंबर कौतिक घेऊन गेला. खाण त्याच्या गावाजवळ, म्हणून सामान त्याच्याकडेच ठेवतो."

संघमित्राने काचेच्या डबीत ठेवलेला धागा डिंपलपुढे धरला. डिंपलचं सासर जामनेरचं, घरची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस बघण्यात तिचे दिवस जात.

"घे भिंग. हा गोधडीतला आहे का, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नको."

डिंपलने डबी उजेडात धरली, एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

"वेडी आहेस का? गोधडीचा कापूस पिंजलेला असतो, साफ. याला बघ, पाल्याचा चुरा चिकटलाय. हा शेतातून वेचून आणलेला, सरकीसकटचा कापूस. तुझ्या घरात कुठून येणार तो?"

संघमित्राने ठमीला छातीशी घट्ट धरलं. पण लगेच दुसरा विचार येऊन उभा राहिला.

तिच्यानंतर कुणीतरी झाकण उघडलं होतं. आणि बॅटरी तीच परत घातली होती.

कशासाठी?

३

प्रशील पलंगावर बसून पेज पीत होता. नाकाला नळी, एका कानात कापसाचा बोळा. ठमीला बघून हसला, मग संघमित्राला बघून त्याचं हसू मावळलं.

"ताई, तुमच्यावर ढकलतायत म्हणे. मी तसं काही बोललो नाही हं."

"तू फक्त काय झालं ते सांग. सगळं."

"काय सांगू! आमची खाण वीस मीटर. मी रोजच्या वाटेने जावं तसा निवांत खाली चाललो होतो. सहज मनगटाकडे बघितलं, तर आकडा बावन्न."

"बावन्न?"

"बावन्न! खाणीला बूडच नाही की काय, असं वाटलं. परत बघतो तर काच काळी. मग काय, कमरेचा वजनाचा पट्टा सोडून दिला आणि बाणासारखा वर. नको होतं तसं, माहीत आहे मला. पण डोकं कुठे जागेवर होतं!"

"आणि कान? बावन्न मीटरला कान फुटायला आले असतील."

प्रशील विचारात पडला. चमचा हवेतच राहिला.

"नाही हो. कान रोजच्यासारखेच. वर येताना दुखले, खाली नाही."

संघमित्रा उठून उभी राहिली. ठमीने तिच्या कुडत्याचा गळा ओढला, तरी तिला कळलं नाही.

"प्रशील, तू पंधरा-सोळा मीटरवरच होतास रे. यंत्र खरं बोलत होतं. बावन्न मीटर नाही, बावन्न फूट!"

"पण आपण तर मीटर लावतो," भाऊ म्हणाले.

"मी मीटरच लावला होता. बॅटरी काढली की हे मॉडेल माझं सगळं लावलेलं विसरतं. नवं कोरं असल्यासारखं फुटावर येतं. कुणीतरी बॅटरी काढली, तीच परत घातली, घड्याळ आठवणीने लावलं आणि मीटर लावायला विसरला."

"पण चांगली बॅटरी काढून परत घालायची, हा काय खेळ?"

"तेच," संघमित्रा म्हणाली. "बॅटरीसाठी उघडलंच नाही ते. भाऊ, तीन नंबर आणखी काय काय विसरतो?"

योगराजभाऊ पलंगाच्या कडेवर बसले.

"कुलूप," ते हळूच म्हणाले.

४

जीप परतीच्या रस्त्याला लागली, तेव्हा डिंपल समोरच्या सीटवर रेलून विचारत होती, "कसलं कुलूप? कुणीतरी मला सांगेल का?"

भाऊंनी सांगितलं. पाण्यातून कुणी घाईने वर आला, नियम मोडला, की डाइव्ह कॉम्प्युटर त्याची नोंद ठेवतो आणि स्वतःला कुलूप लावून बसतो. एक-दोन दिवस काम करत नाही. म्हणजे माणसाने पाण्यात उतरू नये आणि अंगातला वायू निघून जावा. पण तीन नंबरसारख्या जुन्या यंत्राची बॅटरी काढली, तर तो सगळंच विसरतो. कुलूपही.

"म्हणजे आपल्याला न सांगता कुणीतरी तीन नंबर घेऊन पाण्यात गेलं होतं," संघमित्रा म्हणाली. "सरावाच्या आदल्या दिवशी. तू पाण्यात उतरत नाहीस, डिंपल. भाऊंच्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून तेही नाही. उरला कोण?"



"पण कौतिकने प्रशीलचा का नेला? स्वतःचा दोन नंबर होता की," डिंपल म्हणाली.

"दोन नंबरचा दिवा गेलाय. माझ्याकडेच यायचाय तो दुरुस्तीला. अंधाऱ्या जागी जायचं असेल, तर तीन नंबरच हवा." संघमित्रा बोलता बोलता थांबली. "भाऊ, कौतिकला फोन लावा."

फोन लागला नाही. पुन्हा लावला. बंद.

कौतिकचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. दारातून आत बघितलं, तर खोलीच दिसत नव्हती. पांढरा ढीग माळ्याला टेकलेला, एका कडेला खाट. खाटेवर त्याची आई, बेबाबाई, सुईने काहीतरी टोकरत बसली होती.

"कौतिक कोठे शे, अक्का?" भाऊंनी विचारलं.

"आताच गया ना, खाणवर. कोनता पट्टा राही गया म्हने. ये बाई, बैस. हाई पोर कोनी शे? किती गोड शे!"

संघमित्रा बेबाबाईच्या हाताकडे बघत होती. हातात काळ्या मण्यांची सोन्याची पोत होती, आणि मण्यांच्या फटींतून ती सुईने हिरवं शेवाळ काढत होती.

"ही विहिरीत पडली होती का, अक्का?"

बेबाबाईचे डोळे भरून आले. "पानी काढता काढता तुटनी नी विहीरमा गयी. मी दोन दिन जेवनू नही. मना पोऱ्यानी मले सांगं, माय, तू रडू नको. चार दाव बुडना तो, चौथा दावले सापडनी. पन तवपासून त्याना खांदा दुखस. मी तेल चोळी दिनं."

खांदा. डावीकडे द्या.

संघमित्राच्या डोळ्यांपुढे तो दारात उभा राहिला. दंड खाजवणारा, उजवा हात न उचलणारा. घरात कापूस भरलेला, म्हणून सगळ्यांनी ती खाज कापसावर टाकली होती. त्याने स्वतःनेसुद्धा.

"भाऊ, तो कापूस नाही!" ती ओरडलीच. "ती खाज कापसाची नाही! अंगातला वायू आहे तो. यंत्राला विसरायला लावलं त्याने, पण अंग कुठे विसरतंय? चार वेळा विहीर, दुसऱ्या दिवशी खाण, आणि आता परत..."

जीप अंगणातून वळली तेव्हा कोंबड्या चारी दिशांना उधळल्या.

५

खाणीच्या काठावर मोटारसायकल होती. चपला होत्या. कौतिक नव्हता.

काळ्या दगडाच्या भिंतींमध्ये हिरवट पाणी अगदी शांत पडलेलं, आणि मधोमध बुडबुड्यांची एक रांग.

"गेला आत," भाऊंच्या तोंडून निघालं. "एकटा! कुणी वर नाही, कुणी जोडीला नाही!"

"हाक मारा ना!" डिंपल म्हणाली.

"पाण्याखाली हाक पोचते का? पाना आण, चाकाचा!"

सरावासाठी खाणीत एक लोखंडी शिडी सोडलेली होती. भाऊ तिच्या दोन पायऱ्या उतरले आणि पाण्यात हात घालून पान्याने शिडीवर घाव घालू लागले. ठण ठण ठण. थांबून पुन्हा ठण ठण ठण. पथकात याचा अर्थ एकच, असशील तिथून वर निघ. आवाज दगडांवर आपटून परत येत होता. ठमीने घाबरून भोकाड पसरलं, आणि तिचं रडणंही खाणभर घुमायला लागलं.

बुडबुडे जागचे हलले नाहीत.

"वाजवा, भाऊ, थांबू नका!"

ठण ठण ठण.

मग रांग तिरकी झाली. काठाकडे सरकली. शिडीच्या जवळ येऊन एका जागी थांबली.

"थांबला का?" डिंपलने संघमित्राचा दंड आवळला.

"थांबू दे. सावकाश येतोय, शहाण्यासारखा." पाठीवर थोपटत संघमित्रा ठमीला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. "येईल हं, मामा येईल, आता येईल."

पाण्याखाली आधी काळं डोकं दिसलं, मग हात. भाऊंनी त्याला बखोटीला धरून ओढलं. वर येताच कौतिकने मुखवटा काढला आणि सगळ्यांना एकदम बघून त्याचा चेहरा पडला.

"पट्टा आणायला गेलो होतो, भाऊ. प्रशीलचा. तेवढं तरी..."

"खांदा कसा आहे?" संघमित्राने विचारलं.

"ताई, गंमत काय माहीत आहे? खाली गेलो तसा एकदम थांबला. औषध लावल्यासारखा. आणि आता परत..." त्याने तोंड वाकडं करून खांदा धरला.

"हीच तर खूण आहे, बाबा. पाण्याच्या दाबाने वायू दबला, वर आलास की सुटला. झोप आडवा. डिंपल, ऑक्सिजन!"

तोंडावर मास्क चढला. भाऊंनी मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पाणबुड्यांनाच तपासतात. ऑक्सिजन सुरू ठेवा, आधी धुळ्याला न्या, पुढचं मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो, आणि पाण्याच्या जवळपास फिरकू देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

कौतिकने मास्क जरासा उचलला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आधी बोलू नको." तिने मास्क परत बसवला. मग त्याच्या उशाशी दगडावर बसून ठमीला पाजता पाजता एकेक सांगत गेली. "कुठे उघडलं, ते धाग्याने सांगितलं, पाला चिकटलेला कापूस. बॅटरी काढली होती, ते प्रशीलच्या बावन्नने सांगितलं. बॅटरी तीच, म्हणजे ती संपली म्हणून काढलेली नाही, कुलूप विसरायला लावायला काढली. आणि का, ते तुझ्या आईच्या पोतीतल्या शेवाळाने."

कौतिकच्या डोळ्यांतून पाणी कानांवरून खाली ओघळलं.

"मीटर लावायचं डोक्यातच आलं नाही, ताई. कापसावरच बसून केलं ते, घाईघाईत. सांगितलं असतं तर भाऊंनी पथकातून काढलं असतं."

"काढणारच आहे!" भाऊ गरजले. मग टाकीची चावी तपासायला खाली वाकले. "आधी बरा हो, गाढवा. मग काढतो."

६

धुळ्याला कौतिकला प्रशीलच्याच शेजारचा पलंग मिळाला. सगळं ऐकून प्रशील पलंगावर उठून बसला.

"मला बावन्न मीटर खाली पाठवलंस रे," तो म्हणाला. "आईसाठी उतरलास, ते ठीक. पण मला हाक का नाही मारलीस? मी वर दोरी धरून उभा राहिलो असतो ना."

प्रशीलने आपल्या ताटलीतलं सोललेलं केळं मोडून अर्धं त्याच्याकडे सरकवलं. "खा. भाऊंच्या मळ्यातलं आहे. जिवंत आहोत तोवर फुकट."

भाऊंनी कौतिकला वर्षभर पाण्यात न उतरण्याची शिक्षा दिली. तोवर त्याने काठावर उभं राहायचं आणि उतरणाऱ्यांची दोरी धरायची.

पुढच्या रविवारी भाऊ स्वतः पिंप्राळ्याला आले, चारही कॉम्प्युटर घेऊन. दारातच म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी आल्या आल्या तुमच्यावर ढकललं. चुकलं माझं."

"मीसुद्धा माझ्यावरच ढकललं होतं, भाऊ. बसा."

तिने तीन नंबरमध्ये नवी रिंग घातली, अगदी पुसटसं ग्रीस लावलं, झाकण फिरवलं आणि यंत्र फिल्टरच्या भांड्यात सोडलं. भाऊंनी पंप मारला. काटा चढला आणि जागेवर थांबला. ठमी टेबलाच्या कडेला धरून उभी होती. पाण्यातला तीन नंबर तिला हवा होता, आणि एकही बुडबुडा येत नव्हता म्हणून ती नाराज होती.

संघमित्राने यंत्र बाहेर काढलं, पुसलं, आणि लाल नेलपॉलिशचा एक ठिपका झाकण आणि कड यांच्या बरोबर सांध्यावर टेकवला. झाकण फिरलं, तर ठिपका मोडणारच. मग एक नंबरला, दोनला, चारला.

द्रौपदाबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. आधी यंत्रांकडे बघितलं, मग ठमीच्या गालाकडे.

"काय गं, आता यांनासुद्धा तीट? आपण नजर मानत नाही ना?"

"नाही मानत, आई," संघमित्रा ठिपक्यावर फुंकर घालत म्हणाली. "नजर लागू दे कितीही. हात लागायला नको."